साडेसात महिन्यांच्या बाळाचा विनय

पंजाब राज्याने केलेल्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९६६ रोजी एक निकाल दिला. पीठावर तीन न्यायमूर्ती होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न एका ओळीत मावणारा होता : साडेसात महिन्यांच्या मुलीचा विनयभंग होऊ शकतो का?

काय घडलं याबद्दल वाद उरला नव्हता. कुणी केलं तेही ठरलेलं होतं. बाळाची जखम नोंदवली गेली होती. तरी प्रकरण देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत गेलं, ते या कृत्याला भारतीय दंड संहितेतलं कोणतं कलम लावायचं एवढ्यासाठी. उच्च न्यायालयात तिघा न्यायाधीशांपैकी दोघांचं म्हणणं पडलं की विनयभंगाचं कलम ३५४ इथे लागत नाही. तिसऱ्यांचं मत उलट होतं. बहुमत विरोधात गेलं म्हणून राज्य सरकार अपिलात आलं.

कायद्याच्या अभ्यासात हा निकाल (ए.आय.आर. म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' हा निकालसंग्रह, १९६७, सर्वोच्च न्यायालय, पान ६३) 'विनयभंग म्हणजे काय' या प्रश्नाखाली दोन ओळींत उरकला जातो. खटल्याच्या शीर्षकात आरोपीचं नाव आहे, ते इथे घेण्याचं कारण नाही. मला हा निकाल वेगळ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा उघडावासा वाटतो. लहान मुलावर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराला आपल्या फौजदारी कायद्यात १८६० पासून २०१२ पर्यंत स्वतःचं नावच नव्हतं. नाव नसलं की काय होतं, हे इतकं उघडं माझ्या वाचनात दुसऱ्या कुठल्या निकालात आलेलं नाही.

खोलीत काय झालं

संध्याकाळची वेळ. बाळ खोलीत झोपलेलं. आरोपी आत शिरला, त्याने दिवा घालवला, कमरेखालचे कपडे उतरवले. पुढचा तपशील निकालपत्रात जेमतेम एका वाक्याचा आहे आणि इथे तेवढाही नको. बाळाच्या गुप्तांगाला आतून जखम झाली, इतकं सांगणं पुरेसं आहे. आई खोलीत आली तसा तो पळाला.

या प्रकरणात पीडिता बोलू शकत नव्हती. ओळखू शकत नव्हती, बोट दाखवू शकत नव्हती. जे काही न्यायालयात पोचलं ते आईच्या डोळ्यांतून आणि जखमेच्या नोंदीतून. लहान मुलांच्या खटल्यांत हे नेहमीचंच आहे आणि न्यायालयांना त्याची सवयही होती. १९५१ च्या डिसेंबरात राजस्थानातल्या एका आठ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या निकालपत्रातून, सांगून ठेवलं होतं की मुलीच्या साक्षीला पुष्टी हवीच असा कायद्याचा नियम नाही, तो सावधगिरीचा भाग आहे. आणि मुलीने लगेच आईला सांगितलेली हकीकत ही पुष्टी धरता येते. म्हणजे पुराव्याच्या बाजूने वाट थोडी मोकळी झाली होती. अडचण पुराव्याची नव्हतीच. सिद्ध झालेल्या गोष्टीला कायद्यात जागा सापडत नव्हती.

हाताशी असलेली कलमं

१८६० ची दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यात 'मूल' ही लैंगिक गुन्ह्यांच्या संदर्भात वेगळी व्यक्ती नाही. बलात्काराच्या कलम ३७५ मध्ये एक वय दिलेलं होतं : त्या वयाखालच्या मुलीची संमती धरायची नाही. सुरुवातीला हे वय दहा वर्षं होतं. पण संमती असो वा नसो, बलात्कार ठरण्यासाठी पुरुषाच्या लिंगाचा प्रवेश सिद्ध व्हावा लागे. हाताने, बोटाने किंवा वस्तूने केलेली इजा कितीही भयंकर असली तरी ती त्या व्याख्येत बसत नसे. कलम ३७७ अनैसर्गिक संभोगाचं, तिथेही प्रवेशाचीच अट. या दोहोंत न बसणारं सगळं खाली घरंगळत ३५४ वर यायचं : स्त्रीच्या विनयशीलतेचा भंग करण्याच्या उद्देशाने हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. कमीत कमी काहीच नाही, नुसता दंडही चालेल. आणि ३५४ सुद्धा निसटलं तर उरायचं ३२३, साधी दुखापत. भांडणात कुणाच्या तरी थोबाडीत मारली तर लागतं ते कलम. जास्तीत जास्त एक वर्ष.

इथे क्षणभर थांबून एक हिशेब मांडून पाहावासा वाटतो. समजा तोच माणूस त्याच संध्याकाळी त्याच खोलीत शिरला असता आणि झोपलेल्या बाळाच्या पायांतले वाळे काढून घेऊन पळाला असता. राहत्या घरातली चोरी, कलम ३८० : सात वर्षांपर्यंत कैद. वाळ्यांना सात वर्षं आणि बाळाला, फार ओढून ताणून, दोन. अशी रचना कुणी मुद्दाम वाईट हेतूने केली असं मी म्हणणार नाही. संहिता लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घर होतं, मालमत्ता होती, कुटुंबाची अब्रू होती. बाळ नव्हतं.

'विनयभंग' या शब्दात काय आहे

मराठीत हा शब्द आपण इतका वाचतो की तो आता ऐकूच येत नाही. 'तरुणीचा विनयभंग', 'विवाहितेचा विनयभंग', 'अल्पवयीन मुलीचा विनयभंग, एकास अटक'. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा एक कॉलम. शब्द सुटा करून पाहिला तर मात्र तो विचित्र आहे. विनय म्हणजे नम्रता, मर्यादा, लाजणं. विद्या विनयेन शोभते म्हणतो तो विनय. इंग्रजी संहितेतल्या शब्दासाठी आपण 'विनयशीलता' घेतली आणि मग गुन्ह्याचं नावच असं पडलं की त्यात बाईचं नुकसान म्हणजे तिच्या लाजेचं नुकसान. तिचं शरीर, तिची भीती, तिचा नकार हे सगळं नावाच्या बाहेर राहिलं.

प्रौढ बाईच्या बाबतीत हा शब्द अपुरा आहे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो कोसळतोच. साडेसात महिन्यांचं मूल नुकतं आधाराशिवाय बसायला लागलेलं असतं. अंगावर कपडे आहेत की नाहीत याचं त्याला काही नसतं. त्याची लाज कुठून भंगणार?

नेमका हाच प्रश्न उच्च न्यायालयाने विचारला होता, आणि त्याचं उत्तर सरळ तर्काने 'नाही' असं दिलं होतं. विनयाची जाणीव निर्माणच झालेली नाही, तर तिचा भंग कसा? म्हणून ३५४ नाही, ३२३ खरं. १९६३ मध्ये, स्वतंत्र भारतात, पूर्णपीठाने बहुमताने घेतलेली ही भूमिका आहे.

तीन न्यायमूर्ती, तीन निकालपत्रं

सर्वोच्च न्यायालयातले तिघे होते सरन्यायाधीश अमलकुमार सरकार, न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर आणि न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत. मुधोळकर आधी नागपूरच्या आणि मग मुंबईच्या उच्च न्यायालयात होते. बच्छावत यांचं नाव महाराष्ट्रात पुढे घरोघरी गेलं ते कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादामुळे. तिघांनी वेगवेगळी निकालपत्रं लिहिली, हे महत्त्वाचं आहे. एकाच उत्तराला पोचलेल्या दोघांनाही आपापली वाट लिहावीशी वाटली.

सरन्यायाधीश सरकार अल्पमतात गेले. त्यांचं निकालपत्र वाचताना आधी राग येतो. पण ते नीट वाचायला हवं. पीडितेला काय वाटलं यावर गुन्हा ठरवायचा, ही उच्च न्यायालयाची कसोटी त्यांनी नाकारली. झोपलेल्या बाईला कुणी हात लावला आणि तिला जागही आली नाही, तरी गुन्हा झालाच, असं ते स्पष्ट म्हणतात. त्यांची कसोटी होती समंजस माणसाच्या नजरेची : कुणाही विचारी माणसाला हे कृत्य विनयभंगासाठी केलं असं वाटेल का? आणि त्या नजरेने पाहता साडेसात महिन्यांच्या बाळाच्या ठायी स्त्रीसुलभ विनय असतो असं कुणी म्हणणार नाही, असं त्यांनी लिहिलं. जन्मापासून प्रत्येक स्त्रीला विनय असतोच हे न खोडता येणारं गृहीतक धरणं वास्तवाला सोडून होईल, असंही.

मुधोळकरांनी वाट काढली ती समाजाच्या समजुतीतून. एखादं कृत्य माणसांच्या सर्वसाधारण धारणेप्रमाणे उघडपणे लैंगिक स्वरूपाचं असेल, तर ते या कलमात येतं. बाईची प्रतिक्रिया काय होती हे पाहायचं कारण नाही. दंड संहितेच्या कलम १० मध्ये 'स्त्री' म्हणजे कोणत्याही वयाची स्त्री, असं लिहिलेलंच होतं. विधिमंडळाने वयाची अट घातली नसताना ती न्यायालयाने का घालावी?

बच्छावत यांनी सर्वांत पुढचं पाऊल टाकलं. स्त्रीच्या विनयाचं सार तिच्या स्त्रीत्वात आहे, म्हणून तरुण असो वा म्हातारी, बुद्धिमान असो वा मतिमंद, जागी असो वा झोपलेली, प्रत्येक स्त्रीला विनय असतो आणि जन्मापासून असतो. निर्णायक आहे तो आरोपीचा हेतू. मुलगी तान्ही आहे, तिला कळलं नाही, याचा फायदा त्याला मिळू शकत नाही.

दोन विरुद्ध एक. आरोपी ३५४ खाली दोषी. दोन वर्षं सक्तमजुरी, एक हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने. दंड वसूल झाल्यास त्यातले पाचशे रुपये बाळाला भरपाई. दोन वर्षं ही त्या कलमातली कमाल कैद होती. न्यायालयाने जेवढं देता येत होतं तेवढं दिलं.

बरोबर उत्तर, चुकीची मोजपट्टी

हा निकाल पुरोगामी म्हणून गौरवला जातो, आणि निष्कर्षापुरता तो तसा आहेच. बहुमत झालं नसतं तर पुढची कित्येक वर्षं लहान मुलींवरच्या अशा कृत्यांना थोबाडीत मारण्याच्या पातळीवर मोजलं गेलं असतं. मुधोळकर आणि बच्छावत यांनी ते होऊ दिलं नाही. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

तरीही मला वाटतं, शब्दाच्या बाबतीत खरं बोलले ते सरन्यायाधीश सरकार. हा शब्द बाळाला लागत नाही, हे त्यांनी स्वच्छ दाखवून दिलं. त्यातून निघायला हवा होता तो निष्कर्ष असा की कायद्यात बाळासाठी शब्दच नाही आणि संसदेने तो तातडीने आणावा. त्यांनी तसं काही न म्हणता आरोपीला त्या कलमातून सोडलं, आणि बहुमताने तो शब्दच जन्मापर्यंत मागे ओढून बाळाला त्यात बसवलं. बाळाचं संरक्षण झालं, पण 'छोटी स्त्री' म्हणून झालं. मूल म्हणून झालं नाही.

त्याचे परिणाम पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं भोगावे लागले.

पहिला परिणाम कुणाच्या सहज लक्षात येत नाही. त्या खोलीत मुलीऐवजी मुलगा झोपलेला असता तर? ३५४ स्त्रीपुरतं. बच्छावतांचा सगळा युक्तिवाद स्त्रीत्वावर उभा. मुलग्यासाठी तो शून्य. प्रवेश झाल्याचं सिद्ध झालं तर ३७७, नाही तर पुन्हा तीच साधी दुखापत. मुलगे वसतिगृहांत, तालमींत, नातेवाइकांच्या घरात हे सोसत होते आणि फौजदारी कायद्याला ते दिसत नव्हते. २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. पाहणीच्या पद्धतीवर चर्चा होऊ शकते, पण मुलगे या गुन्ह्याचे बळी नसतात हा समज त्यानंतर टिकू शकला नाही.

दुसरा परिणाम घराच्या आतला. गुन्ह्याचं नाव जर लाज गेल्याचं असेल, तर तो पोलिसात नोंदवणं म्हणजे लाज गेली हे लेखी देणं. 'वाच्यता नको', 'उद्या तिचं लग्न व्हायचंय', 'घरातलं घरात मिटवू' ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. ती फक्त समाजातून आली नाहीत. कायद्याची भाषा आणि घराची भाषा एकच होती.

तिसरा परिणाम न्यायालयांतला. ज्या प्रकरणांत मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार झाला होता, तीही ३५४ आणि ३७७ यांच्या मधल्या फटीत अडकत राहिली. १९९६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका सहा वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. आरोप बापावर होता. ३७५ ची व्याख्या रुंदावून वाचा, ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. पुढच्याच वर्षी 'साक्षी' ही संस्था तीच मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मे २००४ च्या निकालात न्यायालयाने व्याख्येला हात लावायला नकार दिला, ते काम संसदेचं म्हणून. मात्र जाता जाता काही चांगल्या गोष्टी घडल्या : मुलाला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावावा, उलटतपासणीचे प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्यावेत आणि त्यांनी ते मुलाला समजेल अशा भाषेत विचारावेत, साक्षीच्या मध्ये विश्रांती द्यावी. विधी आयोगाने त्याआधीच, मार्च २००० च्या १७२ व्या अहवालात, 'बलात्कार' ऐवजी मुलगा-मुलगी दोघांना लागू होणारा 'लैंगिक हल्ला' हा गुन्हा सुचवला होता. गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला. देशपातळीवर हालचाल व्हायला आणखी नऊ वर्षं गेली.

वय नावाची दुसरी मोजपट्टी

हे प्रकरण फक्त विनयाचं आहे, पण त्याच्या शेजारी वयाची गोष्ट ठेवल्याशिवाय ते पुरतं समजत नाही. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मेली. बलात्कार लागला नाही, कारण ती दहाच्या वर होती आणि त्याची बायको होती. दुसऱ्याच कलमाखाली नवऱ्याला एक वर्ष कैद झाली. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा होऊन दहाचे बारा झाले. त्यावरून पुण्यात जो वाद पेटला तो आपल्याला शाळेत टिळक विरुद्ध आगरकर असा शिकवतात, आणि शिकवताना ती मुलगी मात्र धड्यातून गळते. पुढे १९२५ मध्ये १४, पण नवऱ्यासाठी १३. १९४९ मध्ये १६, नवऱ्यासाठी १५. हे १५ थेट २०१७ पर्यंत टिकलं. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते १८ म्हणून वाचावं असं सांगितलं. तोवर अल्पवयीन बायको ही कायद्याच्या लेखी आधी बायको होती, मग अल्पवयीन.

२०१२, आणि मग नागपूर

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. मूल म्हणजे अठराखालची कोणतीही व्यक्ती. मुलगा, मुलगी हा फरक नाही. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट : गुन्ह्याच्या व्याख्येत विनय नाही. कलम ७ मध्ये लैंगिक हेतूने केलेला स्पर्श आहे आणि लैंगिक हेतूने केलेलं, शारीरिक संपर्क असलेलं दुसरं कोणतंही कृत्य आहे. कलम ८ ची शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल पाच. बोटाने, वस्तूने केलेला प्रवेश वेगळ्या आणि जास्त गंभीर कलमात. पीडित बारा वर्षांखालचं असेल तर आणखी गंभीर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रवेशी हल्ल्याला किमान वीस वर्षं, आणि मृत्युदंडापर्यंत.

एवढं झाल्यावर १९६६ चा प्रश्न कायमचा मिटायला हवा होता. तो परत आला, आणि मुधोळकरांच्या नागपुरातच आला.

डिसेंबर २०१६ मधली घटना. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून एका माणसाने घरी नेलं, तिच्या छातीला हात घातला, कपडे काढायचा प्रयत्न केला. आई शोधत गेली तेव्हा मुलगी बाहेरून कडी लावलेल्या खोलीत रडत होती. पुन्हा आईच, पुन्हा एक खोली. सत्र न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये पोक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षं दिली. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते कलम काढून टाकलं. कपड्यावरून झालेला स्पर्श. कातडीला कातडी लागल्याचा पुरावा नाही. म्हणून पोक्सो नाही. मग काय? ३५४. विनयभंग. एक वर्ष.

१९६६ मध्ये, नागपूरच्या उच्च न्यायालयात एके काळी बसलेल्या एका न्यायमूर्तीने ३५४ ताणून ताणून एका बाळाला त्याच्या आत घेतलं होतं, कारण बाहेर काहीच नव्हतं. पंचावन्न वर्षांनी त्याच शहरात, बाहेर मुलांसाठी बांधलेलं स्वतंत्र घर असताना, एका मुलीला पुन्हा ३५४ मध्ये ढकललं गेलं. हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

खंडपीठाने दिलेलं एक कारण मात्र नुसतं झटकून टाकण्यासारखं नाही. शिक्षा कडक आहे, म्हणून पुरावाही तेवढाच कडक हवा, असं निकालपत्रात म्हटलं होतं. किमान शिक्षेची सक्ती वाढवत नेली की न्यायाधीशाचा हात कुठे जातो, याचा हा नमुना आहे : तो हलकं कलम शोधू लागतो. आणि हलकं कलम नेहमी हाताशी असतं, कारण जुनी संहिता तशीच उभी असते. शिक्षा वाढवा अशी मागणी करणाऱ्या प्रत्येकाने हा परिच्छेद वाचावा असं मला मनापासून वाटतं.

तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी हा निकाल सर्वोच्च न्यायालयात नेला. हातमोजे घालून कुणी मुलाला हात लावला तर त्याला शिक्षा होणार नाही का, असा त्यांचा सवाल होता. २७ जानेवारीला स्थगिती मिळाली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित, एस. रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांच्या पीठाने निकाल फिरवला. कायद्याचा रोख लैंगिक हेतूवर आहे, कातडीवर नाही. कलम ८ खालची तीन वर्षं पुन्हा कायम झाली.

आरोपीचा हेतू निर्णायक, हे बच्छावतांनीही म्हटलं होतं. फरक इतकाच की २०२१ मध्ये तो हेतू कशाविरुद्ध होता हे सांगायला विनयाची मदत घ्यावी लागली नाही.

आज हे प्रकरण आलं तर

जखमेचं स्वरूप पाहता साडेसात महिन्यांच्या त्या बाळाच्या प्रकरणात आज पोक्सोमधला सर्वांत गंभीर गुन्हा नोंदला जाईल. आरोपीची मानसिक अवस्था काय होती हे फिर्यादी पक्षाने आधी सिद्ध करायची गरज राहणार नाही. कायदा ती गृहीत धरतो आणि खोडून काढायचं ओझं आरोपीवर टाकतो. ज्याला गुन्हा कळला त्याने तो कळवलाच पाहिजे, न कळवणं हाही गुन्हा. खटला शक्यतो वर्षभरात संपावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि मूल त्या तारखांबरोबर मोठं होत राहतं.

विनय मात्र गेलेला नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ७४ मध्ये ३५४ जवळपास होतं त्याच शब्दांत बसवलेलं आहे. लहान मुलीच्या प्रकरणात फिर्याद लिहून घेणारा अंमलदार आजही पोक्सोच्या कलमाशेजारी ते कलम लिहितो आणि दुसऱ्या दिवशी बातमीचं शीर्षक येतं : 'चिमुरडीचा विनयभंग'.

१९६६ च्या निकालपत्रांकडे परत जाताना एक गोष्ट मला दर वेळी खटकते. उच्च न्यायालयाचा निर्णय १९६३ चा. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने निकाल सांगितला त्या दिवशी ती मुलगी किमान तीन वर्षांची असणार. चालणारी, बोलणारी. तिची जखम भरली का, तिला काही त्रास राहिला का, ती कुणाजवळ वाढते आहे, याची चौकशी तिन्ही निकालपत्रांत कुठेही नाही. त्यांच्यात ती अखेरपर्यंत साडेसात महिन्यांचीच राहते. तिच्या नावे एक रक्कम तेवढी लिहिलेली आहे, पाचशे रुपये, आणि तीही दंड वसूल झाला तर.